जागतिक डार्ट्स स्पर्धा : सामना सेटवर ठरवणे न्याय्य आहे का?

वुडग्रीनकर

नमस्कार मंडळी. मी गेली अकरा वर्षे उत्तर लंडनमध्ये राहतो आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडीवरचा अलेक्झांड्रा पॅलेस दिसतो. डिसेंबरच्या मध्यावर, संध्याकाळच्या बसमध्ये केळी, जोगिणी आणि दाढीवाल्या पऱ्या अशी सोंगे घेतलेले प्रेक्षक चढू लागले की समजावे, व्यावसायिक डार्ट्सची जागतिक स्पर्धा सुरू झाली. पहिली काही वर्षे मी नाक मुरडले. मग शेजारच्या आजोबांनी समोर बसवून खेळ समजावून दिला आणि आता त्या तीन आठवड्यांत घरात माझ्याशिवाय कोणाच्या हाती रिमोट लागत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोघेही खेळाडू ५०१ पासून सुरुवात करतात, प्रत्येक पाळीत तीन डार्ट फेकून मिळालेले गुण वजा करत जातात आणि बरोबर शून्यावर पोचावे लागते, तेही शेवटचा डार्ट बोर्डाच्या कडेच्या, दुप्पट गुण देणाऱ्या अरुंद डबलमध्ये किंवा मधोमध असलेल्या बुलमध्ये रोवूनच. आधी पोचेल त्याचा एक लेग. तीन लेग जिंकले की एक सेट, आणि सामन्याचा निकाल सेटवर. पहिल्या फेरीत तीन सेट जिंकणे पुरते, अंतिम सामन्यात सात जिंकावे लागतात.

माझी शंका इथूनच सुरू होते. समजा, पहिल्या फेरीत एकाने दोन सेट ३-० असे सहज घेतले आणि उरलेले तीन सेट २-३ असे निसटते गमावले. त्याने एकूण १२ लेग जिंकले, प्रतिस्पर्ध्याने ९, आणि तरीही बारावाला घरी जातो. हीच मंडळी जुलैमध्ये ब्लॅकपूलच्या वर्ल्ड मॅचप्लेमध्ये सेटशिवाय, सरळ लेग मोजून खेळतात आणि तिथे कोणाची तक्रार नसते. मग ज्या स्पर्धेत २०२६ पासून विजेत्याला दहा लाख पौंड मिळू लागले, तिथेच हा वळसा कशासाठी?

चहाबाज

बारा जागा मिळूनही विरोधात बसावे लागते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

हिशेबनीस

वुडग्रीनकर यांनी दिलेले उदाहरण बरोबर आहे, परंतु असे किती वेळा घडेल हा खरा प्रश्न आहे. मी काल रात्री कागदावर हिशेब मांडून पाहिला. एखादा खेळाडू दुसऱ्यापेक्षा थोडा सरस आहे आणि कोणताही लेग तो जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे असे धरू. तो एक सेट जिंकण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के येते आणि तीन सेट जिंकावे लागणारा सामना जिंकण्याची सुमारे ६७ टक्के. आता सेट मोडून टाकू आणि साधारण तेवढ्याच वेळात होणारा, २१ पैकी ११ लेग जिंकण्याचा सामना धरू. तिथे शक्यता येते सुमारे ६८ टक्के. फरक फक्त एका टक्क्याचा.

अंतिम सामन्याचेही तसेच. सात सेटांच्या शर्यतीत आपला सरस खेळाडू साधारण ७५ टक्के वेळा जिंकेल आणि ५३ लेगांच्या सरळ मोजणीत ७७ टक्के वेळा. म्हणजे सरस खेळाडूवर अन्याय होतो तो सेटमुळे नव्हे, तर पहिल्या फेरीचा सामना आखूड असल्यामुळे. ६७ आणि ७५ यांतले अंतर पाहा, ६७ आणि ६८ यांतले नव्हे.

नेमबाज

हिशेबनीस यांचे आकडे मला मान्य आहेत, पण त्यांत प्रत्येक लेग सारख्याच मनाने खेळला जातो असे गृहीत धरले आहे, आणि डार्ट्समध्ये नेमके तेच खरे नसते. सेटच्या पद्धतीत दर काही मिनिटांनी असा एक लेग येतो की जो हरला तर मागची सगळी मेहनत पाटी पुसल्यासारखी जाते. लेगच्या सरळ मोजणीत ०-५ वरून ५-५ करायला पाच लेग जिंकावे लागतात. सेटमध्ये ०-२ वर असलेला माणूस तिसरा लेग जिंकतो आणि समोरच्याच्या कपाळावर घाम दिसू लागतो.

यासाठी १ जानेवारी २००७ चा अंतिम सामना आठवावा. तेव्हा स्पर्धा अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये आलेली नव्हती. १९९४ च्या पहिल्या स्पर्धेपासून ती एसेक्समधल्या पर्फ्लीट गावच्या सर्कस टॅव्हर्नमध्ये होत असे आणि तिथले ते शेवटचे वर्ष. फिल टेलर तीन सेटांनी पुढे होता. नेदरलँड्सच्या रेमंड फान बार्नेवेल्डने तिथून ६-६ अशी बरोबरी साधली. निर्णायक सेटमध्ये दोन लेगांची आघाडी लागते, ती कोणालाच मिळेना आणि शेवटी ५-५ वर एकच लेग उरला. तो कोणी सुरू करायचा हे बुलवर डार्ट फेकून ठरले, बार्नेवेल्डला पहिली फेक मिळाली आणि त्याने तो लेग व विजेतेपद घेतले. कारकिर्दीत एकूण सोळा वेळा जगज्जेता झालेला टेलर असा एका लेगाने हरला. सरळ मोजणीत त्या तीन सेटांच्या आघाडीनंतर पुढचा तासभर निव्वळ औपचारिकता ठरण्याचीच शक्यता अधिक होती.

त्रिज्या

नेमबाज यांनी सांगितलेले नाट्य खरेच आहे, पण ‘प्रेक्षकांना मजा येते’ हे न्यायाचे उत्तर होऊ शकत नाही, एवढे नोंदवून ठेवते.

दुसरे असे की पहिल्या फेरीच्या आखूडपणाला मी दोष म्हणणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये फॅलन शेरॉकने टेड एव्हेट्सला ३-२ हरवले आणि या स्पर्धेत सामना जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढच्या फेरीत तिने मेन्सूर सुल्योविचला ३-१ असे घरी पाठवले, तेही शेवटचा डार्ट बुलमध्ये मारून. तिसऱ्या फेरीत, जिथे चार सेट लागतात, ती क्रिस डोबीकडून ४-२ ने हरली. सामने पहिल्यापासून लांबलचक असते तर तिचे काय झाले असते, हे कोणीच सांगू शकत नाही. पण नवख्याला दार किलकिले ठेवणारी फेरी एखादी तरी असावी.

आजोबा_५०१

माझा मुद्दा थोडा बाजूचा वाटेल, पण तो मूळ प्रश्नाकडेच येतो.

आमच्या सोसायटीच्या वाहनतळात एका उत्साही रहिवाशाने बोर्ड टांगला, तेव्हा निवृत्त ओव्हरसियर या नात्याने मापे घेण्याचे काम माझ्याकडे आले. बुलचा मध्य जमिनीपासून ५ फूट ८ इंचांवर आणि फेकीची रेषा बोर्डाच्या दर्शनी पृष्ठभागापासून ७ फूट सव्वानऊ इंचांवर. मी ओळंबा लावून दोन्ही मापे घेतली, जमिनीवर पांढरा पट्टा ओढला, आणि आठवड्याभरात बोर्डाभोवतीच्या भिंतीची चाळण झाली. प्लास्टर सुपाएवढे निघाले, तेव्हा कार्यकारिणीने मलाच बोलावून घेतले, कारण पट्टा मी ओढला होता.

त्या आठवड्यात मी जे शिकलो ते असे की हा खेळ फेकण्याइतकाच वजाबाकीचा आहे. आमच्या पिढीने पाढे घोकले, त्यामुळे ट्रेबलच्या, म्हणजे तिप्पट गुणांच्या पट्टीसाठी लागणारे वीस त्रिक साठ, एकोणीस त्रिक सत्तावन्न, अठरा त्रिक चोपन्न हे ओठांवरच असते. तीन डार्टांत संपवता येईल असा सर्वांत मोठा आकडा १७०. दोनदा साठ आणि शेवटी बुलचे पन्नास. १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२ आणि १५९ मात्र तीन डार्टांत संपतच नाहीत, म्हणून जाणता खेळाडू त्या आकड्यांवर येऊन थांबत नाही. आमच्या नातवंडांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी भ्रमणध्वनीवर पडताळून पाहिले आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिले.

३२ हा उरलेला आकडा सर्वांना का आवडतो, तर १६ चा डबल चुकून साध्या १६ मध्ये डार्ट गेला तरी १६ उरतात, म्हणजे ८ चा डबल. तोही तसाच चुकला तर ८, मग ४, मग २. निमकी पाठ असलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

नेमबाज

आजोबांनी ३२ चा विषय काढला म्हणून १९८३ ची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ही जुन्या संघटनेची जागतिक स्पर्धा, जी १९७८ मध्ये सुरू झाली. अंतिम सामन्यात एका बाजूला एरिक ब्रिस्टो, दुसऱ्या बाजूला मानांकन नसलेला, पात्रता फेरीतून आलेला कीथ डेलर. सेट ५-५. ब्रिस्टोचे ५० उरले होते आणि हातात एक डार्ट होता. बुल लागला असता तर लेग त्याचा झाला असता. डेलरचे १३८ उरले होते. हा नवखा पोरगा १३८ काही एका पाळीत संपवत नाही, असे धरून ब्रिस्टोने बुलकडे न बघता साधे १८ मारले आणि पुढच्या पाळीसाठी आजोबांचे ते लाडके ३२ ठेवले.

डेलर आला. ट्रेबल वीस, ट्रेबल अठरा, डबल बारा. साठ, चोपन्न, चोवीस. पुढची पाळी ब्रिस्टोला मिळालीच नाही.

आता मला सांगा, ब्रिस्टोचा हिशेब चुकीचा होता का? माझ्या मते नव्हता. दहांतल्या नऊ वेळा तो बरोबरच ठरला असता.

चहाबाज

उरलेल्या एका वेळेला मराठीत नशीब म्हणतात आणि इंग्रजीत जागतिक स्पर्धा.

कोकण्या_नेरूळ

एक भाबडा प्रश्न. फेकीच्या रेषेला समालोचक ‘ओकी’ म्हणतात असे ऐकू आले. एवढी बिअर पिणारे प्रेक्षक समोर असताना रेषेला हे नाव कोणी दिले?

वुडग्रीनकर

कोकण्या, उच्चार तोच आहे, पण त्या शब्दाचा आणि तुमच्या मनात आलेल्या प्रकाराचा काही संबंध नाही. प्रेक्षकांच्या बाबतीत मात्र तुमचा अंदाज अगदीच चुकलेला नाही. गेल्या वर्षी मी एकदा आत जाऊन बसलो. लांबच लांब टेबले, लग्नाच्या पंगतीसारखी समोरासमोर माणसे, आणि अर्ध्या लोकांची पाठ मंचाकडे. डार्ट इतका बारीक असतो की तो कुठे लागला हे मोठ्या पडद्यावरच कळते. पण तो लागल्याचा आवाज ध्वनिवर्धकातून छातीत येऊन आदळतो. मंचावर खेळाडूंच्या तोंडाभोवती एक गांधीलमाशी घिरट्या घालत होती. तीही तिथली जुनी मानकरी आहे, तिला नावानिशी ओळखतात.

रत्नांग्रीची_सून

माझ्या ज्ञानात पडलेली भर अशी की हे बोर्ड सिसलच्या तंतूंचे असतात आणि सिसल म्हणजे आपला घायपात. आमच्या बागेच्या गडग्यावर त्याची झुडपे आहेत. सासरे त्याची पाने कुजवून वाख काढीत आणि दोर वळीत. बोर्डात हे तंतू पृष्ठभागाशी उभे, टोके बाहेर करून दाबलेले असतात, त्यामुळे डार्ट तंतूंना न तोडता त्यांच्या मधे शिरतो आणि काढला की भोक आपोआप मिटते. आजोबांच्या भिंतीला हा गुण नव्हता, एवढेच.

मध्यरात्रीचा_जागल्या

मूळ प्रश्नावर एका भारतीय प्रेक्षकाचे मत. संध्याकाळचे सत्र तिथे सात वाजता सुरू होते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. अर्धवट झोपेत १३-११ असा लेगांचा हिशेब लक्षात ठेवणे मला तरी जमत नाही. सेट असले की प्रत्येक सेट म्हणजे एक नवी गोष्ट, आणि मधल्या छोट्या विश्रांतीत चहा होतो.

शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या नितीन कुमारने रिचर्ड वीनस्ट्राला ३-२ असे हरवले आणि या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय झाला. २०१८ च्या डिसेंबरात पदार्पणात ०-३ ने हरलेला हा माणूस सात वर्षांनी निर्णायक सेटमध्ये उभा होता आणि त्या सेटमध्ये मागचे सगळे हिशेब शून्यावर आलेले होते. त्या रात्री मला तरी ही पद्धत अन्यायाची वाटली नाही.

त्रिज्या

आपला माणूस जिंकला की पद्धत चांगली, हा युक्तिवाद मी फॅलन शेरॉकबद्दल केला आणि आता जागल्या यांनी नितीन कुमारबद्दल केला. दोघांनीही थोडे लाजायला हरकत नाही.

हिशेबनीस

लाजणे झाले असेल तर एक राहून गेलेली गोष्ट मांडतो, कारण माझ्या पहिल्या प्रतिसादात एक मोठी त्रुटी होती आणि ती कोणीही दाखवली नाही, याचे मला थोडे वाईटही वाटले.

लेग सुरू करणाऱ्याला फायदा असतो, कारण तो प्रतिस्पर्ध्याच्या तीन डार्ट पुढे असतो. लेग आळीपाळीने सुरू होतात, म्हणजे पाच लेगांच्या सेटमध्ये जो पहिला लेग सुरू करतो तोच तिसरा आणि पाचवाही सुरू करतो. दोघे अगदी तुल्यबळ आहेत आणि सुरुवात करणारा शंभरांपैकी ६५ लेग जिंकतो असे धरले, तर सेट सुरू करणारा तो सेट जिंकण्याची शक्यता ५० नव्हे, तर ५६ टक्के येते. वरवर पाहता हा उघड पक्षपात आहे. परंतु सेटही आळीपाळीने सुरू होतात, त्यामुळे पाच सेटांच्या सामन्यात हा फायदा विरघळत विरघळत ५२ टक्क्यांवर येतो. सामन्याआधी बुलच्या जवळ डार्ट टाकून जो सुरुवात मिळवतो, त्याच्या त्या एका डार्टाची किंमत दोन टक्के.

नेमबाज

म्हणजे सेटच्या पद्धतीत ‘समोरच्याचा लेग फोडणे’, म्हणजे त्याने सुरू केलेला लेग आपण जिंकणे, याला जे महत्त्व येते ते याचमुळे. तीन लेग तुमचे, दोन त्याचे. त्याला तुमच्या तीनांतला निदान एक फोडावाच लागतो. २०२३ च्या अंतिम सामन्यातला तो लेग पाहा. मायकेल फान गेर्वेनने आठ अचूक डार्ट मारले आणि नवव्याला, डबल बाराला, केसाने चुकला. नऊ डार्टांत लेग संपवणे म्हणजे या खेळातली पूर्णता, आणि तो तिच्या उंबऱ्यावर ठेचकाळला. पाठोपाठ मायकेल स्मिथ आला, त्याचेही आठ अचूक होते, आणि त्याने नववाही मारला. सामना स्मिथने ७-४ असा जिंकला.

आजोबा_५०१

तो लेग मी नातवंडांबरोबर तीनदा पाहिला. तो संपल्यावर स्मिथ क्षणभर हसावे की ओरडावे हे न कळून नुसताच उभा होता.

मनाच्या बाबतीत नेमबाज जे म्हणतात त्याला माझी पुस्ती. ज्या ब्रिस्टोने पाच वेळा जागतिक विजेतेपद मिळवले, त्यालाच पुढे अशी व्याधी जडली की हात पुढे जाई, पण बोटे डार्ट सोडतच नसत. या व्याधीला डार्टायटिस असे नावच आहे. हाताला काही झालेले नसते. सोसायटीच्या बोर्डावर शेवटचा डबल उरला आणि खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींनी गप्पा थांबवल्या की मला त्याची चुणूक मिळते.

लेगवादी

उशिरा आलो, तरी अल्पमताची बाजू नोंदवतो. वरच्या सगळ्या गणिताचा अर्थ एवढाच की सेटमुळे होणारा अन्याय लहान आहे. अन्याय होत नाही, असे कोणीही सिद्ध केलेले नाही. ल्यूक लिटलरसारखा खेळाडू, ज्याने सतराव्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, फान गेर्वेनला ७-३ हरवून सर्वांत तरुण जगज्जेता होण्याचा मान मिळवला, तो कोणत्याही पद्धतीत जिंकेल. प्रश्न त्याचा नाही. प्रश्न पहिल्या फेरीत हरून परतणाऱ्यांचा आहे. २०२६ पासून खेळाडू १२८ झाले आणि त्यांतले ६४ जण एका आखूड सामन्यानंतर सामान बांधतात. वर्षभर छोट्या सभागृहांत, प्रेक्षकांविना खेळून ज्याने इथवर पात्रता मिळवली, त्याला १२ लेग जिंकूनही हार पत्करावी लागली तर ‘एक टक्का’ हे त्याचे सांत्वन नव्हे.

वुडग्रीनकर

लेगवादी यांनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली, आणि तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर माझे मत बदलले आहे. हिशेबनीस यांचा कागद मी शेजारच्या आजोबांना समजावून सांगितला. त्यांनी चष्मा पुसला, ६७ आणि ६८ हे आकडे दोनदा वाचले आणि विचारले की या एका टक्क्यासाठी तू माझ्याशी दोन हिवाळे भांडलास का.

तेव्हा सेट राहू देत. माझी मागणी आता एवढीच आहे की पहिल्या फेरीत तीनऐवजी चार सेट जिंकण्याची अट घालावी.

हिशेबनीस

चार सेटांची अट घातली तर आपला सरस खेळाडू ६७ वरून साधारण ७० टक्क्यांवर जाईल. त्यासाठी ६४ सामने लांबतील.

कोकण्या_नेरूळ

आणि शेवटची बस चुकलेली केळी वुडग्रीनकरांच्या दारात येऊन उभी राहतील.